कोड नंबर

पत्र आलं तेव्हा मी सुकटीवरचे कावळे हाकत होते.
पोस्टमन म्हणाला, कंपनीचं दिसतंय, सही कर.
ओल्या हातानंच केली.
शाई फुटली, नेमकी आडनावावर.

हेमांगी दशरथ पावशे,
मुक्काम पाजपंढरी, पोस्ट हर्णै.
खाली आकड्यांची एक रांग:
यापुढे ती म्हणजे मी.

पंचवीस तासांचं शिक्षण झालं होतं
दापोलीत, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत.
सर फळ्यावर लिहायचे, परम विश्वास.
दोन्ही बाजूंनी काही म्हणजे काही लपवायचं नाही.
मी वहीत उतरवून घेतलं, खाली मान घालून.
वीस वर्षं मासळी विकलीय मी,
टोपलीत वर आजची, तळाला कालची.

परीक्षा रत्नागिरीला. पहाटेची एसटी.
माऊस कसा धरायचा ते शेजारच्या खुर्चीतल्या पोरानं दाखवलं,
त्याच्या हाताला अत्तराचा वास, माझ्या हाताला बांगड्यांचा,
भरायच्या नव्हे, तळायच्या.
पन्नास प्रश्न, अठरा बरोबर आले तरी पास.
माझे एकतीस आले.

आता मी मरणाचं नाव घेऊ शकते
कुणाच्याही ओट्यावर बसून, चहा पिताना.
पूर्वी घेतलं असतं तर
वहाण फेकून मारली असती.

पत्रात काय करायचं ते चार ओळींत आहे,
काय करायचं नाही ते पानभर.
गिऱ्हाइकाचं दुखणं झाकायचं नाही.
त्याच्या जागी आपण अंगठा उठवायचा नाही.
कमिशनातला रुपया त्याला परत द्यायचा नाही,
तो मागेल, सगळेच मागतात.
आयुर्विम्याला एकच कंपनी,
दुसरीच्या दारात उभं राहायचं नाही.
इथवर मला समजत होतं, लग्नासारखंच आहे.
मग शेवटी, बारीक अक्षरांत:
कंपनीच्या वतीने जोखीम स्वीकारण्याचा
अधिकार आपणांस नाही.

हरेश्वर चोगले, तांडेल, वय अडतीस,
माझं पहिलं गिऱ्हाईक.
शनिवारची संध्याकाळ, होडीत बर्फ चढत होता.
खोक्यावर कागद ठेवून त्यानं सही केली,
नोटा मोजल्या, दमट, डिझेलच्या वासाच्या.
म्हणाला, म्हंजे आजपासून लागू ना?

हो म्हणणं सोपं होतं.
आयुष्यभर तोंडी व्यवहार केलेली मी,
उधारीवर टोपल्या उचललेल्या, शब्दावर होड्या सोडलेल्या.
म्हटलं, नाही.
सोमवारी ऑफिस उघडेल, फॉर्म वर जाईल,
ते बघतील, हो म्हणतील, मग.

मग तू कशाला हायस?

त्याची बायको, विद्या, माझ्याकडे बघत होती.
प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता.
मी पावती फाडली. तारीख स्वच्छ घातली.

रात्री बारानंतर होड्या सुटल्या.
सुवर्णदुर्गाच्या पलीकडे एकेक दिवा गेला.
सोमवारी पहिल्या गाडीनं मी दापोली गाठली,
फॉर्म माझ्या हातानं खिडकीत सरकवला,
आत कुणीतरी डबा उघडत होतं.
परत येऊन सुकट उलटी केली. फोन पदरात.
रात्री वाळूवर जाऊन बसले, पुढच्या रात्रीही.
नवऱ्यानं विचारलं, तुझं काय अडलंय तिथं?
सांगता येईना. माझ्या नावावर काहीच नव्हतं,
ना होडी, ना माणूस, ना जोखीम.

बुधवारी मेसेज आला, प्रस्ताव मंजूर.
मी विद्याच्या दारात जाऊन वाचून दाखवला,
दोनदा, कारण ती पहिल्यांदा ऐकतच नव्हती.

रविवारी हरेश्वर आला,
ओठ मिठानं फाटलेले, डोळे लाल.
मासळी उतरवायच्या आधी होडीतूनच ओरडला,
हेमांगी, कधीपासून गं?
म्हटलं, बुधवार, दुपारी बारा चाळीस.

तो बोटं मोजत उभा राहिला.
मग म्हणाला, बरं.
वारा मंगळवारी होता.